तीन फळ्या

निवृत्त माणसाने वेळ कसा घालवावा याविषयी साऱ्या जगाचे मत ठाम असते, एकट्या त्या माणसाचेच नसते. आम्ही नोकरीतून मोकळे झालो तेव्हा कोणी भजनी मंडळ सुचविले, कोणी सोसायटीचे चिटणीसपद देऊ केले. एका स्नेह्यांनी तर आत्मचरित्र लिहिण्याचा सल्ला दिला. आत्मचरित्रात लिहिण्याजोगे आमच्यापाशी फारसे काही नव्हते, आणि जे होते ते लिहिण्याजोगे नव्हते. तेव्हा आम्ही होडी बांधावयास घेतली.

होडी म्हणजे मासेमारीची. चौतीस फुटी, इंजिनाची, सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर दिसते तशी. मात्र प्रमाण बत्तीसास एक, म्हणजे लांबी सुमारे साडेबत्तीस सेंटिमीटर. बांधणीचे स्थळ घरातील जेवणाचे टेबल आणि साहित्य प्लॅस्टिकचे. वडोदऱ्यात राहणाऱ्या माणसास हा छंद शोभत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. आमच्या गावात विश्वामित्री आहे आणि तिच्यात मगरी आहेत. मासेमारीचे बंदर नाही. आमचे पूर्वज गायकवाडांच्या मागोमाग घोड्यावरून आले, गलबतातून नव्हे.

सुरुवात २०२० सालच्या टाळेबंदीत झाली. नातवासाठी आणलेला विमानाच्या सुट्या भागांचा डबा अर्धवट पडून होता. नातवाचे मन दुसरीकडे गेले आणि तो डबा आम्ही पुरा केला. विमान बरे झाले. समाधान मात्र लाभले नाही. दुसऱ्याने पाडलेले भाग क्रमांकाप्रमाणे चिकटविणे म्हणजे कारकुनाने तयार केलेल्या मसुद्यावर सही करणे. ते आम्ही तेहतीस वर्षे केले होते. आता कोऱ्या पत्र्यापासून काही करावे असे वाटू लागले, आणि काय करावे हा प्रश्न मनात येताच उत्तर तयारच होते. ते आमच्या एका जुन्या टिपणवहीत होते.

ती नोंद अशी: ‘लांबी ३४ फूट. रुंदी १०. खोली ५. फळ्या तुटल्या ३. नुकसान अंशतः.’

जून १९९८मध्ये आलेले चक्रीवादळ पुष्कळांच्या स्मरणात असेल. ९ जूनला ते पोरबंदरजवळ किनाऱ्यास लागले आणि पुढे कच्छकडे सरकले. कांडल्याची मनुष्यहानी इतकी मोठी होती की बाकीच्या किनाऱ्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पंचनाम्यांच्या कामासाठी ठिकठिकाणचे अधिकारी तिकडे पाठविण्यात आले, त्यांत आम्हीही होतो. आमच्या वाट्यास पोरबंदर आणि द्वारका यांच्या दरम्यानचे एक लहानसे बंदर आले. त्याचे नाव येथे लिहीत नाही. पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्यावर ओढून, टेकू लावून उभ्या केलेल्या होत्या. उधाणाने टेकू नेले आणि होड्या एकमेकींवर आपटल्या. आम्हांस त्या पाहून दोनांपैकी एक शेरा लिहावयाचा होता: ‘पूर्ण नुकसान’ किंवा ‘अंशतः नुकसान’. पहिल्या शेऱ्यास नव्या होडीसाठी मदत, दुसऱ्यास दुरुस्तीपुरती. या दोन रकमांत किती अंतर असते हे सरकारी कामाशी संबंध आलेल्यांस सांगावयास नको.

त्या दिवशी दिवस मावळतीला आला होता आणि अकरा होड्या शिल्लक होत्या. या चौतीस फुटीचा मालक स्वतःच तिचा टंडेल होता. होडी वाळूत सरळ उभी होती. डाव्या कुशीच्या तीन फळ्या तुटलेल्या दिसत होत्या, बाकी रंगसुद्धा शाबूत. टंडेल म्हणाला, “साहेब, अंदर उतरीने जुओ. पठाण गयो छे.”

आम्ही आत उतरलो नाही. पायांत बूट होते, आत डिझेलमिश्रित पाणी होते, आणि अकरा होड्या होत्या. राहता राहिला पठाण. आमची समजूत अशी झाली की होडीवर कोणी पठाण खलाशी होता आणि तो वादळात गेला. आम्ही तलाठ्यास विचारले, “मनुष्यहानी?” तो म्हणाला, “या गावात नाही.” मग पठाण पळाला असेल, पैसे घेऊन गेला असेल, तो आमच्या तक्त्यातील रकान्यांत बसत नव्हता. आम्ही शेरा लिहिला. टंडेलाने अंगठा न देता सही केली, ती सुरेख होती, एवढे आठवते.

ही हकीकत तेव्हा आमच्या मनास मुळीच लागली नाही, हे येथेच सांगून टाकतो. होडी करावी असे वाटले ते निव्वळ हाताशी मापे होती म्हणून.

आता साहित्याविषयी. पॉलिस्टायरीनचा पांढरा पत्रा वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सामान पुरविणाऱ्या दुकानात मिळतो. दुकानदार प्रथम सनबोर्ड पुढे करतो. तो घेऊ नये, त्याच्या पोटात फेस असतो आणि त्याला बारीक कड येत नाही. पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा, एकाचा आणि दीडाचा असा घ्यावा. तो करवतीने कापावा लागत नाही. धारदार पात्याने एक रेघ ओढावी, पत्रा वाकवावा, तो रेघेवर कटकन सुटतो. चिकटविण्यास डिंक नको. मिथाइल इथाइल कीटोनसारखे पातळ द्रावण बारीक कुंचल्याने सांध्याशी नुसते टेकवावे. ते आपणहून फटीत ओढले जाते, दोन्ही कडा क्षणभर विरघळवते आणि उडून जाते. मागे उरतो तो जोड नव्हे, एकजीव झालेले प्लॅस्टिक. लोहाराने तापवून जोडलेल्या लोखंडासारखे. थर्माकोल हे याच पदार्थाचे फुगविलेले रूप. त्यावर या द्रावणाचा एक थेंब टाकला तर तेथे भोक पडते, आणि हा प्रयोग आम्ही नातवास इतक्या वेळा करून दाखविला की त्याच्या शाळेचा प्रकल्प त्यातच संपला. द्रावणाचा वास मात्र उग्र आणि अपायकारक असतो. खिडक्या सताड उघड्या ठेवाव्या लागतात. सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी आम्हांस टेबलासकट गॅलरीत हलविले.

साहित्य जमले, पण तीन आकड्यांतून होडी उभी राहत नाही. लांबी, रुंदी, खोली एवढीच मापे पेटीलाही असतात. होडी म्हणजे या तिहींच्या मधला बाक, आणि तो आमच्या वहीत नव्हता. तिकडचे मिस्त्री नकाशा काढीत नाहीत. दोरी, डोळा आणि बापाने दाखविलेले माप एवढ्यावर बाभळीची वाकडी खोडे निवडून ते सांगाडा उभा करतात. आराखडे शोधता शोधता आम्हांस वडोदऱ्याच्याच जुन्या कागदांचा माग लागला. ओखामंडळ हा मुलूख १९४९मधील विलीनीकरणापर्यंत वडोदे संस्थानाचा. सयाजीराव महाराजांच्या सरकारने त्या किनाऱ्यावरील समुद्रजीवांची पाहणी जेम्स हॉर्नेल या इंग्रज तज्ज्ञाकडून करविली. तिचा अहवाल १९०९ आणि १९१६ असा दोन भागांत निघाला. याच हॉर्नेलने पुढे १९२०मध्ये हिंदी नौकांच्या घडणीवर प्रबंध लिहिला. आमच्या पणजोबांच्या सरकारास त्या किनाऱ्यावरचे शंखशिंपले ठाऊक असावेत, आणि पणतवास तेथील होडीत उतरावयास जड जावे!

शेवटी छायाचित्रे समोर ठेवून आणि अंदाजाने आम्ही बाक काढले. होडीचे लांबीने दहा भाग पाडले, प्रत्येक ठिकाणचा आडवा छेद रेखाटला. मध्यभागी तो भरल्या ताटासारखा पसरट, नाळेकडे निमुळता होत होत शेवटी उभ्या सुरीच्या पात्यासारखा. हे छेद दीड मिलिमीटरच्या पत्र्यातून कापले आणि मधल्या उभ्या कण्यात खाचा पाडून बसविले. कणा एक मिलिमीटरचे दोन पत्रे पाठीला पाठ लावून केला होता. मजबूत व्हावा म्हणून मध्ये द्रावण भरपूर ओतले. हे ‘भरपूर’ वाचकांनी लक्षात ठेवावे.

फळ्या म्हणजे सात मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या. खऱ्या होडीत ती नऊ इंचांची फळी. एक डाव्या कुशीला लावली की दुसरी उजव्या कुशीला लावावी लागते; एकाच बाजूच्या चारपाच लावून टाकल्या तर ओढ बसून सारी होडी पिळते. नाळेपाशी पट्टी निमुळती करावी लागते, नाहीतर तिथे गर्दी होते. पोटाशी ती रुंद हवी असते, आणि रुंद पट्टी मिळत नाही. प्रत्येक पट्टी कढत पाण्यात धरून बोटांनी वळवावयाची. या कामास आम्हांस चार महिने लागले. कुशी पुऱ्या झाल्यावर गॅलरीतील तिरप्या उन्हात होडी धरून पाहिली तर छेदांच्या जागा उंच आणि मधल्या पट्ट्या आत बसलेल्या. १९८७च्या दुष्काळात गुरांच्या छावणीवर आमची नेमणूक होती. तेथे अशाच बरगड्या पाहिल्या होत्या. भरणी लावून, पाण्यात भिजविलेल्या पॉलिश पेपराने घासून त्या बुजविल्या. घासण्यात जेवढा विचार होतो तेवढा फायलींवर कधी झाला नाही.

बाकीचे सोपे आणि गमतीचे. शिवणाचा दोरा मेणावरून ओढला की दोरखंड होतो. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा चहाच्या पाण्यात उकळला की जाळे. जाळ्याचे तरंगते गोळे म्हणून मोहरीचे दाणे. ते फोडणीच्या डब्यातून घेतल्याची नोंद झाली आणि हिशेबही मागितला गेला. कुशीला टांगलेले जुने टायर विजेच्या तारेच्या आवरणाच्या चकत्यांचे.

काम संपत आले तेव्हा आम्हांस हौस आली की आराखड्यावर भागांची नावे मराठीत लिहावी. डोलकाठी, सुकाणू, नाळ हे येत होते. बरगड्यांसाठी ‘वाक’ सापडला. तळाचा कणा, ज्याच्यावर सारी नौका उभी राहते, त्यास काय म्हणावे म्हणून कोश उघडला.

पठाण.

आम्ही तो शब्द दोनदा वाचला. गुजराती दर्यावर्दी हाच शब्द वापरतात आणि कोकणचे आपले लोकही हाच. आंग्र्यांच्या आरमारात तो पोरासोरांस माहीत असणार. टंडेलाने आम्हांस परकी भाषा ऐकविली नव्हती. आमच्याच भाषेतला शब्द आमच्यापुढे ठेवला होता, आणि आम्ही तलाठ्याला मनुष्यहानी विचारीत होतो.

तरी त्या रात्री आम्ही स्वतःची समजूत घातली. म्हटले, कण्यास तडा गेला असेल, पट्टी मारून दुरुस्त झाला असेल. अंशतः म्हणजे अंशतः. सरकारी शब्द लवचीक असतात आणि निवृत्तीनंतरही उपयोगी पडतात.

मे महिन्यात होडी रंगवून, वर तक्तपोशी बंद करून, दोन टोकांना दोन आधार देऊन दिवाणखान्यातील कपाटावर ठेवली. आल्यागेल्यास दाखविली. तीन आठवड्यांनी धूळ पुसताना डाव्या कुशीकडे लक्ष गेले. दोन फटी उघडल्या होत्या आणि एक पट्टी उचकटली होती. भरणी भरावी म्हणून उचलून डोळ्यांच्या रेषेत धरली तर होडीचे पोट मधोमध खाली आलेले. तक्तपोशी कापून काढली. आतून द्रावणाचा वास अजून येत होता. दोन पत्र्यांच्या मध्ये ‘भरपूर’ ओतलेले द्रावण उडून जाण्यास वाट नव्हती. ते आतल्या आत कण्यास मऊ करीत राहिले, आणि वडोदऱ्याच्या उन्हाळ्याने बाकीचे काम केले. कणा वाकला होता. त्याबरोबर प्रत्येक छेद आपल्या खाचेतून तसूभर फिरला होता, आणि छेदांवर बसलेली प्रत्येक पट्टी ताणली गेली होती. ज्या तीन ठिकाणी ताण सहन झाला नाही ती तेवढी बाहेरून दिसत होती.

दुरुस्ती करून पाहिली. कणा सरळ करावा तर सगळे छेद सुटतात. छेद सोडवावे तर सगळ्या पट्ट्या काढाव्या लागतात. पट्ट्या काढल्या की हातात उरते ते सुटे प्लॅस्टिक. अंशतः असे तिथे काही नव्हतेच. बाहेरून पाहणाऱ्यास फळ्या तुटल्या ३.

दुसरी होडी आम्ही लगेच सुरू केली. या वेळी कणा दीड मिलिमीटरच्या एकाच पत्र्याचा, त्यास दोन्ही बाजूंनी पातळ पट्ट्यांचा आधार, आणि द्रावण मोजून थेंबाथेंबाने. उजवी कूस पूर्ण केली. डावी कूस उघडी ठेवली, आतले वाक आणि तळाचा पठाण दिसावा म्हणून. पाहुणे विचारतात, ही बाजू कधी भरणार. आम्ही सांगतो, भरावयाची नाही.

जानेवारी २०२३मध्ये द्वारकेस गेलो. दर्शन झाले, सौभाग्यवती धर्मशाळेत विसावल्या, आणि आम्ही एक जीप ठरवून त्या बंदरावर गेलो. वाळूचा पट्टा ओळखू आला, होड्या ओळखू आल्या नाहीत. आता बहुतेक फायबरच्या. एका कोपऱ्यात एक म्हातारे मिस्त्री एकुलत्या एका लाकडी होडीच्या फटींत कापूस ठासीत बसले होते. आम्ही जवळ बसलो, मुंबईहून आलेल्या हौशी माणसासारखे प्रश्न विचारले, आणि मग टिपणवहीतील ते नाव घेतले.

“तो टंडेल? गेला. चार वर्षे झाली.” मिस्त्रींनी हातोडी थांबविली नाही.

त्याची एक चौतीस फुटी होती ना, असे आम्ही म्हटले. होती, म्हणाले. वादळात धक्क्याच्या कडेवर मधोमध बसली आणि पठाण मोडला. लोकांनी ओढून वाळूत उभी केली. सरकारने दुरुस्तीचे पैसे दिले. पठाण मोडलेल्या होडीची दुरुस्ती कोण करणार? ते पैसे घरात खर्च झाले. दिवाळीपर्यंत होडी तशीच उभी होती, मग लाकूड विकले. बाभळीचे वाक भट्टीवाल्याने नेले. टंडेल वेरावळला दुसऱ्याच्या बोटीवर गेला, खलाशी म्हणून. ज्याने सुकाणू धरले त्याने दुसऱ्याच्या हुकमाने जाळे ओढावे, यात काय ते मिस्त्रींनी उलगडून सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. बोलण्यात राग नव्हता. वादळ, सरकार आणि भट्टीवाला ही तिन्ही त्यांनी एकाच सुरात सांगितली.

आम्ही कोण, ते सांगावे असे दोनदा ओठांवर आले. सांगितले नाही. त्याऐवजी खिशातून फोन काढला आणि आमच्या होडीचे चित्र त्यांच्यापुढे धरले.

त्यांनी हात पुसले, फोन उन्हातून सावलीत घेतला आणि बराच वेळ पाहिले. उघड्या कुशीवर बोट ठेवून वाक मोजले. पठाणाविषयी काही बोलले नाहीत, म्हणजे तो बरा असावा. मग नाळेवर बोट टेकवून म्हणाले, “आनुं नाक नीचुं छे. पहेला मोजामां ज पाणी लेशे.”

किती उंच हवे, असे आम्ही विचारले. त्यांनी अंगठा आणि तर्जनी ताणून हवेत माप दाखविले. आम्ही आमची बोटे त्यांच्या बोटांशी लावून ते घेतले, आणि जीपमध्ये बसल्यावर टिपणवहीत त्याच पानावर लिहिले: पाच इंच.

पाच इंच म्हणजे आमच्या प्रमाणात चार मिलिमीटर. घरी आल्यावर नाळ कापली. वरच्या तीन पट्ट्याही काढाव्या लागल्या, कारण नाक उचलायचे तर कड मधल्यापासूनच चढवीत न्यावी लागते. तेव्हापासून ही नाळ आम्ही तीन वेळा केली आणि तीन वेळा कापली. बाक अजून मिस्त्रींच्या बोटांसारखा येत नाही. आज सकाळपासून चौथी चालू आहे. दोन पट्ट्या कढत पाण्यात आहेत आणि सौभाग्यवती विचारीत आहेत की चहाचे पातेले परत केव्हा मिळेल.